मुलाचा दात मुळासकट निखळला तर पहिल्या पाच मिनिटांत नेमकं काय करायचं?

पाऊलवाट

मंगळवारी दुपारी शाळेतून फोन आला. "घाबरू नका, पण या." अशी सुरुवात झाली की माणूस घाबरतोच. मुलगा ११ वर्षांचा आहे. पकडापकडी खेळताना मित्राचं डोकं याच्या तोंडावर आदळलं आणि वरचा समोरचा दात बाहेर आला. तुटला नाही, नुसता हललाही नाही. अख्खा, मुळासकट.

मी पोचले तेव्हा पोरगं कापसाचा बोळा दातात धरून गुपचूप बसलं होतं. दात मात्र सगळ्यांनी अगदी जपला होता. साबण लावून नळाखाली चोळून धुतलेला, टिश्यूने पुसून कोरडा केलेला, कागदाच्या पाकिटात घातलेला, पाकिटावर मुलाचं नाव. मी ते पाकीट पर्समध्ये टाकलं. शर्ट रक्ताने भरला होता म्हणून आधी घरी जाऊन तो बदलला. मग डेंटिस्टला फोन, मग तिथली गर्दी. खुर्चीत बसेपर्यंत दीड तास झाला होता.

डॉक्टरांनी पाकीट उघडलं, दात दिव्याखाली धरला आणि विचारलं, "इतका वेळ कोरडाच होता?" त्या 'कोरडाच'वर जो जोर होता तो चार दिवस माझ्या कानात आहे.

दात बसवलाय, शेजारच्या दातांना तारेने जोडलाय. पण किती टिकेल सांगता येत नाही म्हणाले. लवकर आणि ओला आणला असता तर गोष्ट वेगळी होती, हेही म्हणाले.

माझे दोन प्रश्न. एक, अशा वेळी पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं? दोन, तुम्हीच तिथल्या तिथे परत बसवायला हवा होता, असं डॉक्टर म्हणाले. हे खरंच कुणी केलंय का? माझ्यासारख्या बाईने, जिला साधं इंजेक्शन बघवत नाही?

निवांत

अरेरे. लेकरू आता कसं आहे?

पाऊलवाट

@निवांत, तो मजेत. तार जिभेने चाचपत बसतो आणि ओरडा खातो. रडते मी.

टवाळ

पाकिटावर नाव लिहिलं हे बरं केलं. दातांची अदलाबदल झाली असती तर केवढा घोळ! (हलके घ्या. आमच्या चिरंजिवांनी एकदा दात गिळला होता, तेव्हा माझीही दातखिळी बसली होती.)

दोघींची_आई

मी 'परत बसवायचा' हे अर्धवट वाचलेल्यांपैकी. धाकटी ४ वर्षांची असताना पायरीवरून तोंडावर पडली आणि पुढचा दात हातात आला. मला कुठून तरी आठवलं, दात लगेच जागेवर ढकलायचा. पोर किंचाळतेय आणि मी ढकलतेय. गेला नाही, नशीब.

डॉक्टर म्हणाल्या, "बरं झालं नाही गेला." दुधाचा दात कधीच परत बसवत नाहीत म्हणे. त्याच्या मुळाच्या वर, हाडात, कायमचा दात तयार होत असतो. खालून दाबलं तर त्यालाच इजा होऊ शकते. म्हणून आधी वय बघा. ११ वर्षांच्या मुलाचा समोरचा दात कायमचाच असणार, पण ६-७ वर्षांच्या मुलाचा पडला तर?

दंतकथा

मी लहान मुलांची दंतवैद्य आहे. हा विषय दाताच्या कण्या करून सांगते, तरी दर काही महिन्यांनी कुणीतरी चकचकीत धुतलेला दात कागदात गुंडाळून आणतंच. तेव्हा पाऊलवाटताई, तुम्ही एकट्या नाही. स्वच्छ करणं ही आपली उपजत सवय आहे आणि नेमकी तीच इथे नडते.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्या मध्ये तंतूंचा अगदी पातळ थर असतो, दात त्याला धरून लोंबकळत असतो म्हणा. दात निखळतो तेव्हा हा थर फाटतो. अर्धा खोबणीत राहतो, अर्धा मुळाला चिकटून बाहेर येतो. नुकताच पडलेला दात नीट बघितलात तर मूळ ओलसर, किंचित गुलाबी दिसेल, कुठे बारीक तुसासारखं काही लोंबताना दिसेल. लोकांना ती घाण वाटते. पण त्या जिवंत पेशी असतात आणि दात पुन्हा धरणार की नाही हे त्यांच्यावरच ठरतं. साबण, जंतुनाशक, स्पिरिट, घासणं, पुसणं, यातलं काहीही झालं की त्या गेल्या. आणि काहीच केलं नाही, नुसता दात हवेत राहिला, तरी वाळून जातात. १५ मिनिटांच्या आत परत बसला तर उत्तम. अर्धा तास कोरडा राहिला की बहुतेक पेशी मेलेल्या असतात. तासानंतर जगलेल्या पेशी धरूच नयेत.

म्हणून काय करायचं: दात शोधा, पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधात किंवा सलाइनमध्ये हलकेच बुचकळा. तेही नसेल तर मुलाच्याच थुंकीत. घासायचं नाही. मग तो खोबणीत सरळ वर (खालचा असेल तर खाली) बसवा आणि मुलाला स्वच्छ रुमालाची घडी दातात दाबून धरायला सांगा. आणि निघा. नाहीच जमलं तर दुधात टाका आणि निघा.

@दोघींची_आई, तुमचा प्रश्न योग्य आहे. समोरचे खालचे कायमचे दात साधारण ६-७ व्या वर्षी येतात, वरचे ७-८ व्या वर्षी. त्या वयात गोंधळ होतो खरा. दुधाचा दात लहान असतो, जास्त पांढरा असतो आणि पडायच्या वयाला आला असेल तर त्याचं मूळ झिजून आखूड झालेलं असतं. नवा कायमचा दात रुंद, जरा पिवळसर आणि कडेला करवतीसारखे तीन उंचवटे असलेला. शंका असेल तर बसवू नका. दुधात घालून आणा, आम्ही ठरवू.

गच्चीतला_वारा

वाचनखूण साठवली. 'मुळाला बोट लावू नका' हे आज पहिल्यांदा कळलं, वय वर्षं ४६.

उलटतपासणी

दंतकथा, थोडी असहमती. आमच्या कंपनीतल्या प्रथमोपचार वर्गात स्पष्ट शिकवलं होतं की थंड वाहत्या पाण्याखाली १० सेकंद धरायचा. तुम्ही पाण्याचं नावच घेतलं नाहीत. दोन्ही बरोबर कसं?

दंतकथा

@उलटतपासणी, तुमचा वर्ग चुकीचा नव्हता, जुना होता. दातांच्या इजांसाठी एक आंतरराष्ट्रीय संघटना मार्गदर्शक सूचना काढते. २०१२ च्या सूचनांमध्ये थंड पाण्याखाली जास्तीत जास्त १० सेकंद असं होतं. २०२० च्या सूचनांमध्ये दूध, सलाइन किंवा मुलाची थुंकी असं आलं. साध्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे पाणी पेशींच्या आत शिरतं, त्या फुगतात आणि फुटतात. काही सेकंदांनी आभाळ कोसळत नाही. चिखलाने बरबटलेला दात समोर आहे आणि जवळ फक्त नळ आहे, तर दोन-चार सेकंद पाणी सोडा आणि बसवून टाका. पण ग्लासभर पाण्यात बुडवून तासभर आणू नका. तरी हेही ऐका, पाणी आणि कोरडा रुमाल एवढेच पर्याय असतील तर पाणी. कोरडा हा सगळ्यात वाईट.

उलटतपासणी

पटलं. वर्गाची वही फाडतो.

टवाळ

अहो, वही ठेवा, फक्त ते पान दुधात बुडवा.

शांताबाईंची_सून

दूधच का पण? दुधाने दात मजबूत होतात म्हणून? आणि कुठलं, गरम, थंड, साय काढलेलं?

दंतकथा

मजबुतीशी काही संबंध नाही. दुधातली क्षारांची तीव्रता आणि आम्लता आपल्या पेशींना मानवणारी असते, पेशींना थोडं पोषण मिळतं आणि पाश्चराइज्ड दुधात जंतू कमी असतात. मुख्य म्हणजे ते चटकन मिळतं. थंड चांगलं. गरम नको. साखर, चॉकलेट, रंग घातलेलं नको. दही-ताकही नको, ते आंबट. दुधात पेशी काही तास तग धरतात.

पेशी जपायला खास बनवलेलं क्षारद्रावण मिळालं तर ते दुधाहून सरस, पण ते घरोघरी कुठून असणार? २०२० च्या आंतरराष्ट्रीय प्रथमोपचार शिफारशींमध्ये जुलाबात देतात ते ओआरएस आणि अन्न झाकायची पातळ प्लास्टिक फिल्म हेही आलं आहे. फिल्मचं तत्त्व सोपं आहे. दाताला थुंकीने ओला करून घट्ट गुंडाळला की तो वाळत नाही. नारळपाणी, अंड्याचा पांढरा भाग यांवरही प्रयोग झालेत, पण जवळ दूध असताना त्या वाटेला जाऊ नका. आणि घरी मीठ कालवून सलाइन बनवू नका. तुमच्या चमच्याचं माप मला माहीत नाही.

पट्टीचा_पोहणारा

पाऊलवाट, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. मी केलंय. डॉक्टर-बिक्टर नाही, हिशेबनीस माणूस.

मुलगी तेव्हा १० वर्षांची. पोहण्याच्या तलावाच्या कठड्यावर ओल्या फरशीवरून घसरली. वरचा उजवा समोरचा दात फरशीवर. आधी तो दात वाटलाच नाही, इतका लांब होता! आरशात आपल्याला जेवढा दिसतो त्याहून जास्त आत असतो. तिथल्या एका प्रशिक्षकाने सांगितलं, "वाट बघू नका, लावा." मी म्हटलं, "तुम्हीच लावा." तो म्हणाला, "तुमची मुलगी आहे, तुमचं ऐकेल."

बाकावर बसवलं. डोकं माझ्या पोटाशी टेकवलं आणि मागून, वरून वाकून बघितलं. खोबण म्हणजे रक्ताने भरलेली एक छोटी विहीर. दात चिमटीत धरला आणि शेजारचा दात बघून फुगीर बाजू ओठाकडे केली. हात थरथरत होता हे लिहायला लाज नाही. टेकवला आणि हळूहळू वर दाबला. मला वाटलं होतं जोर लागेल. नाही लागला. ओल्या मातीत काठी शिरावी तसा सरकत गेला आणि मग एका ठिकाणी थांबला. शेजारच्या दाताशी जवळजवळ समपातळीत. मुलगी "आई गं" म्हणाली, एकदाच. नंतर रुमाल चावून बसली.

डेंटिस्टने एक्स-रे काढला, किंचित फिरलेला होता तो सरळ केला, तार लावली. दोन आठवड्यांनी तार काढली. आज ती १७ वर्षांची आहे आणि तो दात जागेवर आहे. मुळाचं टोक पूर्ण बंद झालेलं नव्हतं, म्हणून रूट कॅनॉलची घाई केली नव्हती. आतला रक्तपुरवठा परत सुरू होतो का ते बघत राहिले. आमच्या बाबतीत झाला.

निवांत

वाचताना माझेच दात आवळले गेले.

चौथी_सीट

सगळ्यांना दंडवत, पण मी हे करणार नाही. मी पोराच्या तोंडात दात खुपसायचा आणि तो वाकडा बसला, हिरडी फाटली, जंतू गेले, तर? ज्याचं काम त्याने करावं. दूध आहे ना? दुधात घालून पळावं.

दोघींची_आई

+१. आणि आपल्या हाताने मुलाला दुखवणं सोपं नसतं हो. मी अनुभवलंय.

पट्टीचा_पोहणारा

@चौथी_सीट, मीही हेच म्हणालो होतो. शब्द थोडे जास्त वाईट होते.

टवाळ

उलटा बसवला तर? म्हणजे मागची बाजू पुढे? आयुष्यभर दात दाखवून अवलक्षण!

दंतकथा

@टवाळ, हसू नका, उलटा बसवलेला दात मी पाहिलाय. आम्ही सुन्न करून काढला, फिरवून पुन्हा बसवला. तो मुळात होता तिथेच ओला राहिला होता, मग बिघडलं काय? उलटा बसवलेला दात मला चालेल. पाकिटातला सरळ दात नको.

@चौथी_सीट, तुमची भीती खोटी नाही. वाकडा बसला तर आम्ही सरळ करतो. जंतूंसाठी अँटिबायोटिक देतो, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते बघतो. पण वाळून मेलेल्या पेशी मला परत जिवंत करता येत नाहीत. खोबणीइतकं चांगलं दूध जगात नाही, असं मी आईवडिलांना सांगते. तरीही दात सहज जात नसेल तर जबरदस्ती करू नका, हाडाला इजा झालेली असू शकते. मूल शुद्धीत नसेल किंवा हातपाय झाडत असेल तर नको. हृदयाचा गंभीर आजार असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर तो निर्णय डॉक्टरांवर सोडा. अशा वेळी दूध.

रात्रपाळी

मी रुग्णालयाच्या अपघात विभागात नर्स आहे. सगळे दाताच्या मागे लागलेत म्हणून लिहिते. आधी मूल बघा!

तोंडावर एवढा मार लागलाय म्हणजे डोक्यालाही हादरा बसलाय. काही क्षण बेशुद्ध पडलं होतं का, उलटी झाली का, गुंगीत आहे का, घडलेलं आठवत नाही का, जबडा उघडमीट होताना दुखतोय का. यातलं काही असेल तर दात गेला खड्ड्यात, आधी रुग्णालय. रक्त बघून घाबरू नका. तोंडातलं रक्त थुंकीत मिसळून चौपट दिसतं. मुलाला पुढे वाकवून बसवा, रक्त गिळू देऊ नका, घडी दाबून धरायला लावा, ओठाला बाहेरून गार काहीतरी लावा.

आणि दात सापडला नाही तर 'पडला असेल कुठेतरी' म्हणून सोडून देऊ नका. एकदा रात्री एक मुलगा आला. घरच्यांनी अंगण पालथं घातलं होतं, टॉर्च घेऊन. दात बाहेर पडलाच नव्हता, मार लागून हिरडीच्या आत घुसला होता. बाहेरून फक्त खड्डा दिसत होता. दुसऱ्या एका पोराचा दाताचा तुकडा सुजलेल्या खालच्या ओठात रुतलेला निघाला. खोकला किंवा घरघर असेल तर श्वासनलिकेत गेलाय का ते बघायला छातीचा एक्स-रे लागतो.

टवाळ

म्हणजे आमच्या चिरंजिवांचा खरंच गिळला होता की...?

रात्रपाळी

दात पोटात गेला तर बहुतेक वेळा आपला आपण बाहेर पडतो. तुम्ही शोधला होतात का?

टवाळ

ताई, मी या धाग्यावर जेवताजेवता येतो.

कडक_चहा

या सगळ्याच्या आधीचं कुणी बोलतच नाही. धडकाधडकीच्या खेळात माउथगार्ड का वापरत नाहीत पोरं?

गच्चीतला_वारा

पकडापकडी खेळायला माउथगार्ड? उद्या गोट्या खेळायला हेल्मेट घाला. मुलं पडणारच. आम्हीही पडलो.

कडक_चहा

'आम्हीही पडलो' हे ज्यांचे दात शाबूत आहेत तेच म्हणतात. पकडापकडीला नको, पण हॉकी, बॉक्सिंग, कराटेला तरी? माझ्या भाच्याचे वरचे दात बरेच पुढे आहेत, त्याला डेंटिस्टनेच सांगितलं होतं की असे दात मार खायला पहिले असतात. मापाचा बनवून घेतला. सुरुवातीला बोबडा बोलायचा, आठवड्यात सवय झाली.

दंतकथा

पुढे आलेल्या दातांना धोका जास्त, हे अगदी बरोबर. आणि वरचे समोरचे दोन दात सगळ्यात जास्त मार खातात. मापाने बनवलेला गार्ड गरम पाण्यात मऊ करून घरी बसवायच्या गार्डपेक्षा चांगला बसतो. वाढत्या मुलांना बदलावा लागतो, ते लक्षात ठेवा.

खडूफळा

बरेच दिवसांनी लिहितोय. मी शिक्षक आहे आणि पहिलं पोस्ट वाचून गप्प बसवेना. टिश्यूने पुसून पाकिटात घालणारा तो शिक्षक मी असू शकलो असतो. आमच्या प्रथमोपचार पेटीत कापूस आहे, पट्ट्या आहेत, जंतुनाशक आहे, कात्री आहे (गंजलेली). दात ठेवायला झाकणाची साधी डबी नाही आणि हे सांगणारा कागदही नाही. प्रशिक्षणात हाड मोडलं, भाजलं, साप चावला हे सगळं झालं. दात कुणी शिकवला नाही. समोर ५० पोरं, एक रडतंय, दोन ओरडतायत की 'सर, याचा दात!' आणि तुमच्या तळहातावर रक्ताळलेला दात. त्या क्षणी हात नळाकडेच जातो.

पाऊलवाट

सर, माझा रोख शाळेवर नव्हता. त्यांनी जपलाच. मीसुद्धा शर्ट बदलायला घरी गेलेच ना? त्यात २५ मिनिटं गेली. तो शर्ट नंतर टाकूनच दिला.

खडूफळा

ताई, रोख नव्हता हे कळलं. पण आज मी पेटीच्या झाकणाला आतून कागद चिकटवलाय: 'दात पडला: मुळाला हात नको. धुणं-पुसणं नको. बसवा, नाहीतर दूध. पालकांना फोन नंतर.' शेवटच्या ओळीवरून मुख्याध्यापकांशी वाद झाला. 'फोन लगेच, पण दूध आधी' असं ठरलं.

अर्धवट

मी त्या दुसऱ्या बाजूचा माणूस. उशिरा बसवलेला दात. १२ वर्षांचा असताना सायकलवरून पडलो, दात खिशात घालून संध्याकाळी घरी आलो. मार चुकवायला आईला रात्री सांगितलं. दुसऱ्या दिवशी बसवला. आता ३८ वर्षांचा आहे.

दोन-तीन वर्षं सगळं ठीक वाटलं. मग लक्षात आलं, बाकीचे दात खाली येतायत आणि हा जागेवरच आहे. चेहरा वाढत होता, जबडा वाढत होता, हा मात्र हाडाला चिकटून बसलेला. फोटोत वर अडकल्यासारखा दिसायचा. डॉक्टर आरशाच्या दांड्याने एकेका दातावर ठोकायचे. बाकीच्यांचा आवाज बोदा, याचा टणटणीत, भांड्यावर वाजवल्यासारखा. मला तो आवाज आवडायचा, कारण कळलं नव्हतं. हाड हळूहळू मूळ खात होतं आणि त्या जागी हाडच बनत होतं. शेवटी २४ व्या वर्षी वरचा भाग काढला. आता कृत्रिम आहे.

पण १२ वर्षं चालला तो! कॉलेजचे सगळे फोटो त्या दाताने काढले. जागा धरून ठेवली, हाड टिकवलं. म्हणून पाऊलवाट, 'उशीर झाला म्हणजे फुकट गेलं' असं समजू नका.

दंतकथा

@अर्धवट यांनी माझी अर्धी ओपीडी लिहिली. हेच. वाढत्या वयात उशिरा बसवलेला दातसुद्धा हाडाची उंची आणि रुंदी काही वर्षं राखतो. पुढे जे करायचं असेल ते करायला त्यामुळे जागा उरते. म्हणून कोरडा आलेला दातही आम्ही बहुतेक वेळा बसवतो. पण मग पाठपुरावा चुकवायचा नाही. २ आठवडे, ४ आठवडे, ३ महिने, ६ महिने, वर्ष, आणि पुढे निदान पाच वर्षं दरवर्षी.

शांताबाईंची_सून

आणि रात्री दोन वाजता पडला तर? डेंटिस्ट कुठून आणायचा?

रात्रपाळी

खोबणीत बसवता आला तर अर्धी लढाई जिंकली. रुमाल दाबून धरा आणि मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. दंतवैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तर आधी तिथे फोन करा. नाही बसवता आला तर दुधाचा डबा घट्ट झाकणाचा घ्या. एकदा एका बाबांनी उघडी वाटी आणली होती. गाडीत सगळं दूध मांडीवर, दात सीटखाली.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवडे झाले म्हणून कळवायला आले.

काल तार काढली. दात थोडा हलतो, पण जागेवर आहे. मुळाचं टोक बंद झालेलं असल्याने रूट कॅनॉल सुरू केलंय. दोन आठवडे मऊ खाणं, दर खाण्यानंतर मऊ ब्रश, क्लोरहेक्सिडीनच्या चुळा दिवसातून दोनदा. खेळायला बंदी हीच काय ती त्याच्या लेखी खरी शिक्षा. @अर्धवट, तुमचं पोस्ट मी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनीही आरशाचा दांडा काढून ठोकून दाखवलं. आत्ता तरी बोदाच आवाज आला. 'आत्ता तरी' म्हणाले.

माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. घरातल्या एका मेणबत्तीवर तर्जनी आणि अंगठ्याने धरायचा सराव करून बघितला (टवाळ, हसा). पुन्हा वेळ आली तर मी बसवेन. थरथरत, पण बसवेन.

हे सगळं मी चिरंजिवांना वाचून दाखवत होते. मित्रांना सांगून ठेव म्हटलं, कुणाचा पडलाच तर दुधात टाकायचा. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "आई, पण दुधात ठेवला की तो परत दुधाचा दात होतो ना? मग डॉक्टर बसवणारच नाहीत."

दंतकथा

पुढच्या तपासणीला त्याला माझ्याकडे पाठवा. हा प्रश्न मला परीक्षेतही कुणी विचारला नव्हता.